आबान अखेरपर्यंत वैध

माझं मोटार चालवण्याचं लायसन उर्दूत होतं. चार घड्यांचा जाड कागद, डाव्या कोपऱ्यात फोटो, फोटोवर अर्धा उमटलेला शिक्का आणि बाकी मजकूर कारकुनाच्या हातचा. हैदराबाद संस्थानात ते कुठेही चालत होतं. संस्थानाची हद्द ओलांडली की ते वाचणारं कुणी नव्हतं. १९४८च्या जूनपर्यंत या दुसऱ्या गोष्टीचा विचार करण्याची वेळ माझ्यावर आली नव्हती.

लायसन काढलं ते एका शेजाऱ्यासाठी. सुलतान बाजारात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वृद्ध वकील राहत. त्यांच्याकडे मोटार होती आणि नजर नव्हती. मी एका दैनिकात मुद्रितं तपासायला शिकत होतो. ते काम दुपारनंतरचं असल्यामुळे सकाळी मी वकिलांना अफझलगंजचा पूल ओलांडून हायकोर्टात सोडत असे. ते मागच्या सीटवरून मला रस्ता सांगत. रस्ता मला पाठ होता आणि त्यांना दिसत नव्हता, तरी सांगत.

इंग्रज गेले होते आणि संस्थान हिंदुस्थानात सामील झालेलं नव्हतं. दोन्ही सरकारांमध्ये वर्षभराचा जैसे थे करार होता. संस्थानचं नाणं वेगळं, टपाल वेगळं, करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके वेगळे. हे सगळं पूर्वीपासून होतं. भीती नवीन होती. गल्लीतली घरं एकेक करून कुलूपबंद होत होती. कुणी काशीला निघाल्याचं सांगे, कुणी लग्नाला. पुढे कुणी विचारत नसे. माझी आई धाकट्या दोघांना घेऊन सोलापूरला मावशीकडे गेली होती. घरात मी आणि वडील राहिलो होतो. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू.

नाना सव्वीस वर्षं एका सरकारी खात्यात उर्दूतून इंग्रजीत तर्जुमा, म्हणजे भाषांतर, करत होते. घरची माणसं हद्दीबाहेर पाठवली हे खात्यात कळलं तर ती बेइमानी समजली जाईल अशी त्यांना धास्ती होती. म्हणून आईही लग्नालाच गेली होती. ते लग्न तेव्हा तीन महिने चाललेलं होतं.

जूनच्या मध्याला माझ्या थोरल्या बहिणीचं पत्र आलं. टपालाने नाही, अंबरपेठेत राहणाऱ्या एका कापडवाल्याच्या हातून. ताईचं सासर तुळजापूरच्या रस्त्याला, संस्थानच्या हद्दीत चौदा-पंधरा मैल आत होतं. तिचा नवरा होळीच्या सुमारासच हद्द ओलांडून संस्थानाविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावणीत गेला होता आणि ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. घरात ती आणि तिची सासू. तिला नववा महिना लागला होता. गावातली सुईण गाव सोडून गेली होती. ताईने लिहिलं होतं की बैलगाडीने हद्दीवर यायला सात तास लागतात. गेल्या पंधरवड्यात दोन गाड्या वाटेत अडवल्या गेल्या. त्यातल्या माणसांचं काय झालं ते गावात कुणी बोलत नाही. शेवटी एक ओळ होती: "कसंही करून या, पण नानांना घाबरवू नकोस." पत्र नानांच्याच नावावर होतं.

मोटारीने हेच अंतर तासाभराचं होतं. पण मोटार सोलापुरात मिळणार, म्हणजे दुसऱ्या देशात. आमचा निरोप मिळाल्यावर मावशीच्या यजमानांनी एका मोटारवाल्याकडे चौकशी करून पत्राने कळवलं. तो म्हणाला, माझा एकही ड्रायव्हर संस्थानात जायला तयार नाही. ज्याला जायचं त्याने स्वतः चालवावी. पण तुमच्या पाहुण्याजवळ संस्थानचं लायसन आहे, ते आमच्याकडे चालत नाही. त्याला आमच्या मोटार कचेरीतून तात्पुरता परवाना काढावा लागेल. त्यासाठी मूळ लायसन, दोन फोटो, छापील अर्ज आणि लायसनचा इंग्रजी तर्जुमा पाहिजे. तर्जुम्यावर संस्थान सरकारचा शिक्का पाहिजे.

नानांनी ते पत्र दोनदा वाचलं. "तर्जुमा माझा, शिक्का खात्याचा," ते म्हणाले. "शिक्का मला मारावा लागेल. कुणी बघत नसताना."

सव्वीस वर्षांत त्यांनी कचेरीतली पेन्सिल घरी आणली नव्हती.

त्यांच्या खात्यात एक पद्धत होती. तिला मुकाबला म्हणत. तर्जुमा पूर्ण झाला की दोन माणसं समोरासमोर बसत. एक जण मूळ कागद मोठ्याने वाचे, दुसरा तर्जुम्यावर बोट ठेवून ओळ न् ओळ पाहत जाई. मग खाली "मुकाबला शुद", म्हणजे पडताळून पाहिलं, असं लिहून दोघं सही करत. मुकाबल्याशिवाय कागद खात्याबाहेर जात नसे. मीठ आयात करण्याचा अर्ज असो की दिवाणांचं पत्र. नाना सांगत की सगळ्यात वाईट चुका हुशार माणसांच्या असतात, कारण त्या कुणी तपासत नाही.

हा कागद खात्यात कुणाला दाखवता येत नव्हता. म्हणून मुकाबला घरी करायचं ठरलं. दिवेलागणीला आम्ही मधल्या खोलीत बसलो. नाना उर्दू वाचू लागले, मी इंग्रजीवर बोट ठेवलं. लायसनचा क्रमांक, नाव, वडिलांचं नाव, राहण्याचं ठिकाण. तेवढ्यात बाजाराच्या बाजूने घोषणा ऐकू आल्या. अशा मिरवणुका आठवड्यातून दोन-तीनदा निघत. संस्थान वेगळंच राहावं म्हणणारे खाकी कपड्यांतले स्वयंसेवक, हातात भाले, काहींकडे बंदुका. बहुतेक वेळा त्या सरळ कोठीच्या दिशेने जात. ही आमच्या गल्लीत वळली.

नानांनी कंदील खाली केला आणि दोन्ही कागद गादीखाली सरकवले. आम्ही भिंतीला टेकून बसलो. घोषणा दाराशी आल्या, दारावर काठीसारखं काहीतरी घासत गेलं, आणि आवाज पुढे सरकला. शेजारच्या कुलूपबंद घराच्या दारावर मात्र मोठा आघात झाला. मग हसणं ऐकू आलं. ते लांब जाईपर्यंत आम्ही हललो नाही. किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. नानांचा हात माझ्या खांद्यावर होता. तो तिथे कधी आला ते कळलं नव्हतं.

कंदील वर केल्यावर त्यांनी कागद काढले. "कुठं होतो आपण?"

"पत्त्यापाशी."

"पुढं वाचतो."

"राहू द्या नाना. दोन ओळी तर राहिल्यात. तुमचं चुकतं का कधी?"

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. एरवी त्यांनी मला पहिल्या ओळीपासून पुन्हा बसवलं असतं. "सही कर मग," ते म्हणाले. मी "मुकाबला शुद" लिहून सही केली, त्यांनीही केली. उरलेल्या दोन ओळी लायसनच्या तारखांच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत नानांनी शिक्का मारून आणला. संध्याकाळी मी नामपल्लीहून गाडीत बसलो.

सोलापूरच्या मोटार कचेरीत खिडकीमागे एक मध्यमवयीन कारकून होते. सभ्य गृहस्थ. त्यांनी अर्ज पुढे सरकवला. तो परदेशाहून येणाऱ्यांसाठी छापलेला होता. त्यात "देश" असा एक रकाना होता. मी थांबलो. "हैदराबाद लिहा," ते म्हणाले, "सगळे तेच लिहितात." मी लिहिलं. माझ्या शहराचं नाव देश म्हणून मी तेव्हा पहिल्यांदा लिहिलं आणि पुन्हा लिहिण्याचा प्रसंग आला नाही.

त्यांनी तर्जुमा वाचायला घेतला आणि त्यांची भुवई वर गेली.

"तुमचं लायसन कधी दिलंय?"

"गेल्या ऑक्टोबरात."

"बरोबर. आणि संपलंय कधी?"

"अजून कुठं? या ऑक्टोबरात संपेल."

"इथं लिहिलंय, ऑक्टोबर एकोणीसशे सत्तेचाळीसच्या पहिल्या आठवड्यात संपलं. आणि दिलंय त्यानंतर आठ-दहा दिवसांनी." त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. "म्हणजे जन्माआधीच वारलं की हो."

मागे उभे असलेले दोघं हसले.

चूक कशी झाली ते मला लगेच कळलं. संस्थानातल्या कचेऱ्या फसली सालावर चालत. ते वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्याने सुरू होई आणि पुढल्या ऑक्टोबराच्या तोंडाशी आबान महिन्याने संपे. इंग्रजी साल काढताना पहिल्या तीन महिन्यांसाठी पाचशे नव्वद मिळवायचे. पुढे जानेवारी लागला की पाचशे एक्याण्णव. माझं लायसन आजूर १३५७ मध्ये दिलेलं आणि आबान १३५७ अखेरपर्यंत वैध होतं. नानांनी पहिल्या तारखेत पाचशे नव्वद मिळवले, ते बरोबर होतं. दुसऱ्या तारखेतही तेच मिळवले. हा हिशेब ते पेन न उचलता करत. माझी मुंज कोणत्या फसली तारखेला झाली तेही ते सांगत.

मी कारकुनांना सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"चूक आहे हे मला दिसतंय," ते म्हणाले. "पण कोणती तारीख चुकली ते मी कसं ठरवू? मला ही भाषा येत नाही, ते साल येत नाही. खाली दोघांच्या सह्या आहेत. हा पडताळणारा कोण?"

"मी."

"तुम्ही पडताळलंत?"

मी गप्प राहिलो. त्यांनी कागद उलटा केला, मागच्या बाजूला इंग्रजीत लिहिलं की तारखा विसंगत आहेत, संस्थानच्या कोणत्याही अधिकाऱ्याने दुरुस्ती करून सही दिल्यास परवाना देता येईल. त्यावर त्यांच्या कचेरीचा गोल शिक्का मारला. "कोणताही अधिकारी चालेल," ते म्हणाले. त्यांना मदत करायची होती, हे मला आजही वाटतं.

नानांकडे परत जाऊन यायचं म्हणजे कमीत कमी चार दिवस. ताईचं पत्र माझ्या हाती पडून आठ दिवस झाले होते.

मोटारवाला विडी ओढत बसला होता. त्याला मी सगळं खरं सांगितलं. मावशीच्या यजमानांचा तो जुना परिचित होता. त्याने विडी पायाखाली विझवली. मग म्हणाला, "जाताना आमचे पोलीस लायसन बघत नाहीत, पेट्रोल बघतात. तिकडं पेट्रोल पाठवायला बंदी आहे ना. टाकीत असेल तेवढं चालतं, डबा नको. येताना मात्र सगळं बघतात. तिकडून येणारा प्रत्येक जण त्यांना हेर वाटतो."

"मग?"

"मग काय? गाडी न्या. पकडलं तर मी म्हणणार चोरली. वाईट वाटून घेऊ नका."

"नाही."

"चोर म्हणून नाही शोभत तुम्ही," तो म्हणाला आणि किल्ली दिली. "हॉर्न वाजत नाही. दार आतून दोरीनं बांधा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी निघालो. तर्जुमा मागच्या सीटखाली चटईत सरकवला. संस्थानच्या हद्दीत माझं उर्दू लायसन पुरेसं होतं. इंग्रजी कागद, त्यावर हिंदुस्थानच्या कचेरीचा शिक्का, जवळ सापडला तर काय अर्थ काढला जाईल हे सांगायची गरज नव्हती. तो मागे ठेवून यायला हवा होता. पण परतीच्या वाटेवर तोच एक कागद होता, चुकीचा का असेना, आणि तो सोडायला मन होईना.

हिंदुस्थानच्या चौकीवर शिपायाने टाकीत काडी घालून पेट्रोल मोजलं आणि जा म्हणाला. तिथून फर्लांगभर रस्त्यावर कुणी नव्हतं. दोन्ही बाजूंना पेरणीला तयार केलेली रिकामी रानं. मग करोडगिरीचा नाका. आडवा बांबू, पत्र्याची कचेरी, बाहेर टेबल. टेबलामागे काळी शेरवानी घातलेला साठीचा मुन्शी, म्हणजे नाक्यावरचा कारकून. त्याच्या बाजूला बाजेवर खाकी कपड्यांतले तीन तरुण. दोघांचे भाले भिंतीला लावलेले होते, तिसऱ्याच्या मांडीवर बंदूक होती.

मुन्शीने लायसन वाचलं. मुंबई इलाख्याच्या नंबरची गाडी का, विचारलं. मी म्हणालो, बहिणीला आणायला चाललोय, दुसरी गाडी मिळाली नाही. तोवर दोघं तरुण मोटारीपाशी गेले होते. त्यांनी दोरी सोडली, दार उघडलं, मागची सीट उचलली. चटई बाहेर फेकली. कागद पडला.

"चच्चा, ये देखो. अंग्रेजी." बंदूकवाला उठला. "सोलापूर का ठप्पा है."

"कायका कागज है ये?" दुसऱ्याने मला विचारलं.

माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. पुढे चाळीस वर्षं मी भीतीच्या बातम्या लिहिल्या आणि तपासल्या. भीतीने जीभ टाळूला चिकटते असं कुणी लिहिलं तर मी ते खोडलं नाही.

"इधर लाओ," मुन्शी म्हणाला. त्याने कागद घेतला, चष्मा बदलला, आधी पुढची बाजू वाचली, मग मागची, मग पुन्हा पुढची. बंदूकवाला माझ्या इतका जवळ उभा होता की त्याच्या कपड्यांचा घामट वास येत होता.

"इसका तर्जुमा है," मुन्शीने लायसनवर बोट ठेवून त्याला सांगितलं. "गाडी चलाने का. किसने किया?"

"वालिदसाब ने," मी म्हणालो.

"सरकारी मोहकमे में हैं?"

"जी. सव्वीस... छब्बीस साल से."

"छब्बीस साल." त्याने तारखेच्या ओळीवर नख ठेवलं. "आबान में पाँच सौ नव्वद? ये तो नया मुन्शी भी नै करता. और मुकाबला? ये दस्तखत किसके हैं?"

"मेरे."

"करे थे?"

आदल्या दिवशी याच प्रश्नावर मी गप्प राहिलो होतो. "आधा किया था," मी म्हणालो. "जुलूस आया. फिर नै किया."

बाजेवर बसलेला तिसरा तरुण हसला. मुन्शी हसला नाही. त्याने टेबलाच्या दुसऱ्या बाजूचं स्टूल मला दाखवलं. "बैठो. पढो. जोर से."

मी त्या नाक्यावर, रस्त्याच्या कडेला, माझं लायसन मोठ्याने वाचलं. क्रमांकापासून. तो तर्जुम्यावर बोट ठेवून ऐकत होता. दोनदा त्याने मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं, कारण माझा आवाज अडखळत होता. भालेवाले कंटाळून सावलीत गेले. बंदूकवाला तिथेच उभा होता. पत्त्याची ओळ आली. मग दिल्याची तारीख. मग "आबान अखेर, सन तेराशे सत्तावन्न फसली". मुन्शीने लाल शाईत टाक बुडवला, सत्तेचाळीसवर एक सरळ रेघ मारली, वर अठ्ठेचाळीस लिहिलं, बाजूला सही केली, खाली उर्दूत "मुकाबला शुद" लिहून पुन्हा सही केली आणि नाक्याचा शिक्का मारला. शाई फुंकून वाळवली.

"वालिदसाब को बोलना," तो म्हणाला, "साफ नक्कल करके रख लें. काटी हुई तारीख अच्छी नै दिखती."

"जी."

"वापस कब?"

"दोन... दो घंटे."

त्याने तरुणांकडे न पाहता आवाज खाली आणला. "मगरिब से पैले आ जाओ. उसके बाद मैं इधर नै रैता."

मगरिब म्हणजे सूर्यास्ताची नमाज. त्यानंतर नाक्यावर कोण राहतं हे त्याने सांगितलं नाही. बांबू वर झाला.

गावात शिरताना एकही दार उघडं नव्हतं. ताईच्या घराला बाहेरून कुलूप होतं. मी हॉर्नवर हात मारला, तो वाजला नाही. मग मागच्या अंगाने बोळातून आवाज आला.

"पुढचं कुलूप खोटं आहे. इकडून ये."

ताई गोठ्याच्या दारात उभी होती, एक हात कमरेवर. तिने मला पाहिलं, माझ्या मागे पाहिलं.

"ड्रायव्हर कुठाय?"

"मीच."

"तू? वकीलसाबला रोज कोर्टात नेऊन आपटायचास, तो तू?"

"आपटलं नाही कधी."

"त्यांना दिसत नव्हतं म्हणून." ती हसायला गेली आणि मध्येच दाराची चौकट धरली. चेहरा पांढरा पडला. तिची सासू मागून म्हणाली, "सकाळपासून असंच चाललंय. येतंय नि जातंय."

आम्हाला निघायला फार वेळ लागला. सासूबाई गोठ्यातली म्हैस सोडायला तयार नव्हत्या, मग सोडली तर ती मोटारीमागे येऊ लागली. शेवटी तिला शेजारच्या बंद घराच्या अंगणात बांधलं. वाटेत एका ओढ्यात चाक रुतलं. मी आणि सासूबाई ढकलत होतो आणि ताई आत दोरी धरून बसली होती. सूर्य बांधावरच्या बाभळींना टेकला होता. मी तिला मुन्शीचं सांगितलं नव्हतं. घाई कशाची ते तिने विचारलं नाही. दर थोड्या वेळाने मागून फक्त "हं" असा आवाज येई, आणि मी वेग कमी करावा की वाढवावा हे मला समजत नसे.

नाक्याचा बांबू लांबून दिसला तेव्हा ऊन गेलं होतं, उजेड होता. टेबल आत नेलेलं होतं. बाजेवर आता तिघांऐवजी सहा-सात जण होते. मुन्शी वजूचा, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचा, लोटा हातात घेऊन उभा होता. दुसरा कुणी पुढे येण्याआधी तो चालत आला, खिडकीतून आत पाहिलं. ताईने डोळे मिटले होते.

"कौन है चच्चा?" मागून विचारलं गेलं.

"दुपार कू गया था न, वोइच है. देख लिया मैं." त्याने लोटा खाली ठेवला, दोन्ही हातांनी बांबूचं टोक दाबलं. बांबू वर झाला, मी गाडी पुढे घेतली. मी त्याला सलाम केला की नाही हे मला आठवत नाही. ताई म्हणते, केला नाहीस.

पलीकडच्या चौकीत फौजदाराने मला खाली उतरवलं. परवाना विचारला. मी तर्जुमा दिला. त्याने मागची बाजू वाचली, पुढची वाचली, टॉर्च लावला.

"ही लाल शाई कुणाची?"

"तिकडच्या नाक्यावरच्या मुन्शीची. तुमच्या कचेरीनं लिहिलंय, संस्थानचा कोणताही अधिकारी चालेल."

"तिकडचे लोक तुमच्या तारखा दुरुस्त करून देतात?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "का बरं?"

 मी म्हणालो, चूक होती म्हणून.

"दादासाहेब," मोटारीतून ताईचा आवाज आला, "माझ्या भावाकडं अजून लई कागद आहेत. सगळे वाचेपर्यंत तुम्हाला इथंच बारसं करावं लागेल."

फौजदाराने टॉर्च मोटारीत टाकला आणि लगेच बंद केला. "परवाना उद्या काढून घ्या," तो म्हणाला. "जा."

ताईला दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगी झाली. परवाना मी तिसऱ्या दिवशी काढला, मोटार परत केल्यानंतर. कारकुनांनी तो विचार न करता दिला. तीस दिवस वैध असलेला तो परवाना मी एकदाही वापरला नाही.

महिनाभराने हैदराबादला परतलो. नानांना नातीची बातमी आधीच कळली होती. त्यांनी कागद मागितला. उजेडाजवळ नेला. लाल रेघेवर त्यांनी बोट ठेवलं. मग खालच्या सह्यांवर. पहिल्या "मुकाबला शुद"खाली त्यांची आणि माझी, दुसऱ्याखाली एका अनोळखी माणसाची.

"मोठ्याने वाचलंस?"

"हो. त्यांनी वाचून घेतलं."

"आणि तो नसता तर?"

मी म्हणालो, चूक माझी, मी वाचलं नाही. ते म्हणाले, लिहिलं मी.  त्या रात्री त्यांनी साफ नक्कल केली, दोन प्रती, आणि मला समोर बसवून दोन्हींचा पहिल्या ओळीपासून मुकाबला केला. एक प्रत माझ्यासाठी, एक नाक्यावरच्या मुन्शीला दाखवून सही घेण्यासाठी. पद्धतच तशी होती. ज्याने चूक काढली त्याने साफ नक्कल पाहायची.

सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज त्याच रस्त्याने आत आली. पाच दिवसांत संस्थान संपलं आणि गावोगाव सूड सुरू झाले. माझं लायसन त्यानंतर सुमारे तीन आठवडे वैध होतं. त्या तीन आठवड्यांतच मी ताईला, बाळाला आणि सासूबाईंना सोलापूरहून गावी सोडायला गेलो. त्याच मोटारवाल्याची तीच मोटार. हॉर्न दुरुस्त केलेला होता. आता हद्द नव्हती. कुणी लायसन विचारलं नाही, पेट्रोल मोजलं नाही.

नाक्यापाशी मी गाडी थांबवली. बांबू नव्हता. कचेरीचे पत्रे काढून नेलेले होते, भिंती आगीने काळ्या पडल्या होत्या. दारात एका शिसपेन्सिलीचं टोक आणि लाल शाईच्या दौतीच्या काचा होत्या. मी खिशातली साफ नक्कल सहीसाठी काढून हातात धरली होती.

रस्त्यापलीकडे शेतात दोन माणसं काम करत होती. मी हाक मारून विचारलं, इथले मुन्शी कुठे गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं.

"कोन मुन्शी?" एक म्हणाला.

"म्हातारे. काळी शेरवानी."

"म्हाईत नाही," दुसरा म्हणाला आणि खाली वाकला.

मोटारीत ताई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी परत येऊन बसलो तेव्हा ती हळूच म्हणाली, "गाडी काढ." तिचा चेहरा त्या गोठ्याच्या दारात होता तसा पांढरा होता. मी साफ नक्कल खिशात ठेवून गाडी काढली.

पुढे बातमीदार म्हणून मी त्या भागात तीन-चारदा गेलो. प्रत्येक वेळी विचारलं. नाव माहीत नसलेल्या माणसाची चौकशी करता येत नाही, हे मला मान्य आहे. त्याची सही माझ्याकडे आहे. मी ती अनेकांना दाखवली आहे. ती कुणाला लागत नाही. साफ नकलेवर नानांची सही आहे, माझी आहे, आणि तिसऱ्या सहीची जागा त्यांनी रेघ मारून सोडली होती, तशीच आहे.